व्यापाऱ्यांचं चर्च

युरोपात जुनं चर्च बघायला गेलेला आपला माणूस आत पाऊल टाकताच विचारतो, "हे किती जुनं?" गाइड एखादं शतक सांगतो. आपण मान डोलावतो, वर बघतो, फोटो काढतो आणि बसमध्ये जाऊन बसतो. प्रश्न वाईट नाही, पण त्याचं खरं उत्तर एका शतकात मावत नाही. भिंती तेराव्या शतकातल्या असल्या तरी छत विसाव्यातलं निघतं. खिडक्यांच्या काचा महायुद्धानंतरच्या, ऑर्गन त्याहून अलीकडचा, आणि ज्या चित्रापुढे गर्दी असते ते कधीकधी मूळ चित्राची नक्कल असते. म्हणून या पुस्तकात तो प्रश्न बाजूला ठेवला आहे. त्याऐवजी विचारलं आहे ते हे की बांधायला पैसे कुणी दिले, हे कधी मोडलं, आणि मोडल्यावर कुणी, कसं दुरुस्त केलं. चर्चही एकच निवडलं आहे: उत्तर जर्मनीतल्या ल्युबेक शहरातलं सेंट मेरीचं चर्च, जर्मन लोकांचं मारिएनकिर्शे.

ल्युबेक आपल्या सहलींच्या यादीत सहसा नसतं. कोलोनचं कॅथेड्रल असतं, पॅरिसचं नोत्र दाम असतं, रोम तर असतंच. हॅम्बुर्गहून रेल्वेने पाऊण तासावरचं हे गाव कुणाला माहीत असलंच तर मार्झिपानमुळे, म्हणजे बदामाच्या कुटाच्या मिठाईमुळे. तरी मला विचाराल तर युरोपातली चर्चं बघायला ज्याला शिकायचं आहे त्याने कोलोनपासून सुरुवात करू नये. तिथे भव्यता अशी अंगावर येते की माणूस काही विचारायचंच विसरतो. ल्युबेकचं चर्चही लहान नाही, पण तिथली मोडतोड आणि डागडुजी उघड्यावर आहे. बघणाऱ्याला डोकं चालवायला जागा मिळते.

जुनं ल्युबेक म्हणजे ट्राव्ह आणि वाकेनिट्स या नद्यांनी वेढलेलं बेट. 1143 मध्ये ते वसलं, 1159 मध्ये सॅक्सनीचा ड्यूक हेन्री द लायन याने ते पुन्हा वसवलं, आणि 1226 मध्ये सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने त्याला स्वतंत्र शहराची सनद दिली. म्हणजे यापुढे वर फक्त सम्राट. मधे कुणी सरदार नाही, राजा नाही, बिशपही नाही. गावाचा कारभार नगर परिषद बघणार आणि परिषदेत व्यापारी बसणार. उत्तर आणि बाल्टिक समुद्रांच्या काठच्या व्यापारी शहरांचा हान्झा नावाचा संघ पुढे कित्येक शतकं गाजला. त्याचं पुढारपण ल्युबेककडे होतं.

पैसा आला कुठून? बराचसा मीठ आणि माशांतून. दक्षिणेकडच्या ल्युनेबुर्गच्या खाऱ्या पाण्यातून काढलेलं मीठ ल्युबेकला यायचं, तिथून जहाजाने आजच्या स्वीडनच्या दक्षिण टोकाला जायचं आणि तिथे पकडलेले हेरिंग मासे या मिठात खारवून पिंपांत भरून सगळ्या युरोपात विकले जायचे. गिऱ्हाईक पक्कं होतं, कारण ख्रिस्ती उपासाच्या दिवशी मांस वर्ज्य असलं तरी मासा चालत असे, आणि वर्षात उपासाचे दिवस भरपूर. (आपल्या घरी एकादशीला बांगडा मागितला तर काय होईल, ते सांगायला नको.) चर्चने लावून दिलेल्या उपासांवर व्यापारी गबर झाले आणि त्या पैशातून त्यांनी चर्च बांधलं.

गावात बिशपचं कॅथेड्रल आधीच होतं. 1173 मध्ये हेन्री द लायननेच त्याची पायाभरणी केली होती, बेटाच्या दक्षिण टोकाला. व्यापाऱ्यांनी आपलं चर्च उभारलं ते बाजारचौकाला लागून, टाउन हॉलच्या शेजारी, बेटावरच्या सर्वांत उंच जागी, आणि कॅथेड्रलपेक्षा मोठं. यात भक्ती होतीच, पण त्याबरोबर बिशपला दिलेलं उत्तरही होतं. नगर परिषद हे आपलंच चर्च मानत असे. शहराच्या सनदा आणि करारपत्रं ठेवायची खोली टाउन हॉलमध्ये नव्हती. ती या चर्चमध्ये होती. आत शिरताना ही गोष्ट लक्षात ठेवली की पुढचं पुष्कळसं आपोआप कळतं. खाजगी चॅपलं कुणाची, भिंतींवरच्या मोठमोठ्या स्मृतिफलकांवर नावं कुणाची, जमिनीतल्या थडग्यांच्या शिळांवर घराण्यांची चिन्हं कशाला, असे प्रश्नच मग पडत नाहीत. संतांची नावं पाठ नसली तरी इथे अडत नाही, सावकारांची घराणी मात्र माहीत हवीत.

बांधायला घेतलेलं चर्च एका नकाशावर पुरं झालं नाही. सुमारे 1200 साली विटांचं एक जाडजूड रोमनेस्क चर्च उभं राहिलं. मग ते लहान वाटू लागलं म्हणून त्याचं सभागृहासारखं रुंद चर्च करायला घेतलं. तेवढ्यात फ्रान्समधल्या नव्या गॉथिक कॅथेड्रलांची हवा उत्तरेकडे आली. बाहेरचे देश बघून आलेल्या व्यापाऱ्यांना आता तसंच हवं होतं. चालू कामात पुन्हा नकाशा बदलला आणि मधलं दालन उंच चढवायला सुरुवात झाली. पण फ्रेंचांकडे चुनखडीचा दगड होता. ल्युबेकच्या आसपास दगडाच्या खाणी नाहीत. हिमयुगातल्या बर्फाने ओढत आणून टाकलेले ग्रॅनाइटचे गोटे तेवढे शेतांत सापडतात. चिकणमाती मात्र अफाट. म्हणून फ्रेंच दगडी कॅथेड्रलचा आराखडा ल्युबेकच्या गवंड्यांनी भाजलेल्या विटेत उतरवला. विटेत दगडासारखं नाजूक कोरीवकाम होत नाही. ते सोडून देऊन त्यांनी उंची, सरळ रेषा आणि मोठमोठ्या सपाट भिंती यांवर भर दिला. मधल्या दालनाचं कमानदार छत 38.5 मीटर उंचीवर आहे, आणि विटेच्या छतांत जगात त्याच्याइतकं उंच दुसरं नाही. दोन्ही मनोरे जवळजवळ 125 मीटरचे. 1351 च्या सुमारास काम संपलं तेव्हा गावातून प्लेगची साथ नुकतीच फिरून गेली होती. पुढे बाल्टिकच्या काठावर गावोगावी जी विटांची उंच चर्चं उभी राहिली, त्यांतल्या कितीतरी चर्चांनी हाच नमुना डोळ्यांपुढे ठेवला.

बाहेर भिंतीलगत एका मोठ्या दगडावर ब्राँझचा एक छोटा सैतान बसलेला दिसतो. ही मूर्ती 1999 ची, पण त्यामागची दंतकथा जुनी आहे. चर्चचं काम सुरू झालं तेव्हा लोकांनी सैतानाला सांगितलं की इथे दारूचा गुत्ता होतोय. सैतान खूश झाला आणि विटा वाहायला लागला. भिंती चढल्यावर त्याला खरा प्रकार कळला आणि सगळं पाडून टाकण्यासाठी त्याने भलामोठा दगड उचलला. तेव्हा एकाने त्याची समजूत काढली की दादा, थांब, शेजारीच तुझ्यासाठी दारूचं तळघर बांधून देतो. सैतानाने दगड टाकून दिला. टाउन हॉलखालचं तळघर आजही आहे. लोककथांत सैतानाला सहसा प्रार्थनेने नाहीतर क्रूसाने हाकलतात. ल्युबेककरांनी त्याच्याशी सौदा केला, आणि विशेष म्हणजे तो पाळला.

संगीताच्या अभ्यासकांना हे चर्च वेगळ्याच कारणाने ओळखीचं आहे. 1668 मध्ये डीट्रिख बुक्सटेहूड इथे ऑर्गनवादक म्हणून लागला आणि 1707 मध्ये मरेपर्यंत त्याच जागेवर राहिला. नोकरी मिळाली त्याच वर्षी त्याने आधीच्या ऑर्गनवादकाच्या, फ्रान्झ टुंडरच्या, मुलीशी लग्न केलं. नाताळच्या आधीच्या काही रविवारी संध्याकाळी तो चर्चमध्ये मोठे कार्यक्रम करी. ते प्रार्थनेचा भाग नव्हते. वादक-गायकांचा खर्च गावातले व्यापारी उचलत आणि ऐकणाऱ्याला तिकीट नसे. चर्चमधल्या सार्वजनिक मैफलीची प्रथा युरोपात जिथे लवकर रुजली अशा जागांत ही एक.

1705 च्या शरदात आर्नश्टाट या गावचा वीस वर्षांचा ऑर्गनवादक योहान सेबास्टियन बाख चार आठवड्यांची रजा काढून बुक्सटेहूडला ऐकायला निघाला. अंतर सुमारे 400 किलोमीटर, आणि ते तो पायी चालून आला असं सांगतात. डिसेंबरात बुक्सटेहूडने सम्राट लिओपोल्डचा मृत्यू आणि त्याच्या मुलाचं राज्यारोहण यांवर दोन भव्य कार्यक्रम केले. ते चुकवणं बाखला कसं जमणार? चार आठवड्यांचे जवळजवळ चार महिने झाले. परत गेल्यावर आर्नश्टाटच्या चर्चच्या कारभाऱ्यांनी त्याची झडती घेतली. ती दप्तरात नोंदलेली आहे. बुक्सटेहूडची जागा त्याला मिळू शकली असती का, यावर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. अट अडचणीची होती: जागा हवी तर म्हाताऱ्याच्या मुलीशी लग्न करायचं. दोन वर्षांपूर्वी हँडेल आणि त्याचा मित्र माटेझोन याच जागेची चौकशी करायला येऊन ही अट ऐकून परत गेले होते. शेवटी शीफरडेकर नावाच्या वादकाने 1707 मध्ये जागा आणि मुलगी दोन्ही पत्करली. नोकरीबरोबर लग्न जुळवणाऱ्या आपल्याकडच्या वडीलधाऱ्यांना यात गैर काही वाटणार नाही.

ज्या ऑर्गनांवर बुक्सटेहूडने वाजवलं, त्यांतला एकही आज इथे नाही. त्याचं एक कारण एका रात्रीत आहे.

28 मार्च 1942 ची रात्र. दुसऱ्या दिवशी ईस्टरच्या आधीचा रविवार, पाम संडे. ब्रिटिश हवाई दलाची 234 विमानं ल्युबेकवर आली. गावात युद्धाच्या दृष्टीने महत्त्वाचं फारसं नव्हतं, पण दाटीवाटीची, लाकडी सांगाड्यांची जुनी वस्ती होती, आणि अशी वस्ती चांगली पेटते हेच हल्ल्यामागचं गणित होतं. तीनशेहून अधिक माणसं मेली. जुन्या गावाचा सुमारे पाचवा हिस्सा गेला. मेरीचं चर्च, कॅथेड्रल आणि सेंट पीटरचं चर्च जळाली. काही आठवड्यांतच जर्मनीने सूड म्हणून एक्सेटर, बाथ, नॉरिच, यॉर्क अशा इंग्लंडमधल्या जुन्या गावांवर बॉम्ब टाकले. कादंबरीकार टोमास मानचा बाप्तिस्मा याच चर्चमध्ये झाला होता आणि त्याच्या आजी-आजोबांचं घर समोरच्याच रस्त्यावर होतं. अमेरिकेत परागंदा असताना बीबीसीवरून जर्मन श्रोत्यांशी बोलताना तो म्हणाला की मला कॉव्हेंट्री (जर्मन बॉम्बनी आधीच उद्ध्वस्त केलेलं इंग्लंडमधलं शहर) आठवते, आणि केल्याची किंमत मोजावी लागते या विचाराला माझी हरकत नाही. स्वतःचं गाव जळाल्यावर असं बोलणं सोपं नसतं. त्याच्यावर गावातले पुष्कळ लोक नंतरही नाराज राहिले असतील, तर त्यातही नवल नाही.

त्या आगीत बेर्न्ट नोटकेचं 'मृत्यूचं नृत्य' गेलं. 1463 मधलं हे सुमारे 30 मीटर लांबीचं चित्र. पोप, सम्राट, बिशप, व्यापारी, शेतकरी, पाळण्यातलं मूल, प्रत्येकाचा हात धरून एकेक सांगाडा नाचतो आहे आणि मागे ल्युबेकचं दृश्य. त्याबद्दल हळहळणारे एक गोष्ट सहसा सांगत नाहीत. 1942 मध्ये जळलं ते नोटकेच्या हातचं चित्र नव्हतंच. मूळ चित्र जीर्ण झालं म्हणून 1701 मध्ये त्याची नवी प्रत रंगवून लावली होती. जे लोक ते बघायला यायचे, ते अडीचशे वर्षं नक्कलच बघत होते, आणि त्यामुळे कुणाचं काही बिघडलं नव्हतं. नोटकेच्या अशाच एका चित्राचा अस्सल तुकडा आज एस्टोनियात टॅलिनच्या सेंट निकोलस चर्चमध्ये बघायला मिळतो. ल्युबेकमध्ये त्या चॅपलात आता आल्फ्रेड माल्हाउने केलेल्या रंगीत काचांतून सांगाडे नाचतात.

दुरुस्ती 1947 मध्ये सुरू झाली. जळालेलं छत पुन्हा लाकडात बांधलं नाही. पुन्हा आग नको म्हणून हलक्या काँक्रीटमध्ये बांधलं. सोळाव्या शतकातलं खगोलीय घड्याळ गेलं होतं. त्याच्या जागी पाउल बेहरेन्स या गावातल्याच घड्याळजीने नवं बनवलं. जुन्या घड्याळात दुपारी बाराला सम्राटाचे सरदार ख्रिस्तापुढून जात. नव्यात जगातली निरनिराळी माणसं जातात. घंटा आल्या त्या डान्त्सिग शहरातल्या सेंट कॅथरीन चर्चच्या. युद्धात तोफांसाठी धातू हवा म्हणून तिथून उतरवल्या गेल्या होत्या, पण वितळवायच्या राहिल्या. आणि डान्त्सिग तर आता पोलंडमधलं ग्दान्स्क झालं होतं. ल्युबेकच्या स्वतःच्या दोन मोठ्या घंटा त्या रात्री दक्षिण मनोऱ्यातून खाली कोसळून फुटल्या. त्या तिथेच, पडल्या जागी, फुटलेल्या अवस्थेत ठेवल्या आहेत. त्यांच्याबद्दल अधिक मी इथे लिहीत नाही. त्या बघायच्याच आहेत.

सगळ्यात चमत्कारिक दुरुस्ती भिंतींवरची. आगीच्या धगीने भिंतींवरचा जुना चुना सुटून पडला आणि त्याखाली गॉथिक काळातली पुसट भित्तिचित्रं दिसू लागली. युद्धाने हे एवढं एकच दान दिलं, असं लोकांना वाटलं. चित्रं पूर्ववत करण्याचं काम डीट्रिख फाई या कंत्राटदाराकडे गेलं आणि प्रत्यक्षात ते केलं त्याच्याकडे राबणाऱ्या लोटार माल्सकाट या रंगाऱ्याने. मधल्या दालनात निदान पुसट रेषा होत्या. वेदीच्या बाजूला वरती जवळजवळ काहीच उरलं नव्हतं. माल्सकाटने तिथे एकवीस संत स्वतःच्या मनाने रंगवले. 2 सप्टेंबर 1951 रोजी चर्चचा 700 वर्षांचा उत्सव झाला, चान्सेलर आडेनाउअर आले, पोस्टाने या चित्रांची तिकिटं काढली, आणि तज्ज्ञांनी तेराव्या शतकातल्या अज्ञात कलावंताचं कौतुक केलं. माल्सकाटचं नाव कुणी घेतलं नाही. पुढच्या वर्षी त्याने स्वतःच जाऊन सांगितलं की हे मी केलंय. कुणी विश्वास ठेवेना! शेवटी त्याच्या वकिलाने त्याच्याच विरुद्ध तक्रार दाखल केली. खटला चालला आणि 1955 मध्ये दोघांना तुरुंगाची शिक्षा झाली. याआधी श्लेसविगच्या कॅथेड्रलमध्ये याच माणसाने मध्ययुगीन म्हणून टर्की पक्षी रंगवून ठेवले होते. टर्की युरोपात आला कोलंबसानंतर. पण त्या वेळच्या नाझी पंडितांनी त्यावरून व्हायकिंग अमेरिकेत आधी पोचल्याचा निष्कर्ष काढला होता.

वेदीकडचे एकवीस संत नंतर धुऊन काढले. माझ्या मते एक तरी ठेवायला हवा होता. 1701 ची प्रत आणि माल्सकाटचे संत यांत फरक आहेच: प्रत करणाऱ्याने प्रत आहे हे लपवलं नव्हतं. पण तज्ज्ञ, कारभारी आणि भाविक या सगळ्यांना जुनं इतकं हवं होतं की त्यांनी नवं ते जुनं म्हणून घेतलं, हाही या चर्चचा इतिहास आहे, आणि भिंत स्वच्छ करून तो पुसला गेला. जुनेपणाची ही ओढ फक्त जर्मनांची नाही. जुन्या गोव्यात बॉम जेझस बॅसिलिकेचा गिलावा 1950 च्या दशकात काढून टाकला, दगड उघडा असला की वास्तू अधिक प्राचीन आणि भारदस्त दिसते म्हणून. जांभा दगड तेव्हापासून पावसात झिजतो आहे आणि गिलावा परत करावा की नाही यावर अजून वाद चालू आहे. तिथेही लोक उघडा जांभा हेच मूळ रूप समजून फोटो काढतात.

पुढच्या पानांत चर्चचा एकेक भाग घेतला आहे: 1337 मधलं बाप्तिस्म्याचं ब्राँझचं पात्र, अँटवर्पहून आणलेली 1518 ची कोरीव वेदी, थडग्यांच्या शिळा, घड्याळ, मनोरे. वास्तुशास्त्राचे शब्द शक्य तितके टाळले आहेत. ज्यांना इतिहासाचा कंटाळा आहे त्यांनी थेट वेदीच्या मागच्या वाटेवर जावं. तिथे शेवटच्या भोजनाचं दगडी शिल्प आहे आणि त्यात खाली कोपऱ्यात एक उंदीर गुलाबाचं मूळ कुरतडतो आहे. येणारा जाणारा त्याला हात लावतो, त्यामुळे तो काळा आणि गुळगुळीत झाला आहे. लहान मुलं बरोबर असतील तर या उंदरापासूनच सुरुवात करावी.

तीन सूचना. रविवारी सकाळी इथे प्रार्थना असते. हे वापरातलं चर्च आहे, त्या वेळी कॅमेरा घेऊन हिंडू नये. ऑर्गनचा कार्यक्रम असेल तर तो मात्र चुकवू नये. आजचा मोठा ऑर्गन 1968 चा आहे, पण बुक्सटेहूडचं संगीत या उंचीत कसं घुमतं ते रेकॉर्डवर कळत नाही. आणि दाराशी येणाऱ्यांकडून थोडी रक्कम मागतात. देवाच्या दारी तिकीट कसलं, असं म्हणून आपल्यातले काही जण बाहेरूनच परततात. विटा अजून झिजतात, काँक्रीटही म्हातारं होतं, आणि मीठ-हेरिंगवाले सावकार आता नाहीत. ती रक्कम कुरकुर न करता द्यावी.